तेच बंदर, तोच खंदक : टोब्रुक १९४१ आणि १९४२

दुसऱ्या महायुद्धात लिबियाच्या किनाऱ्यावरच्या टोब्रुक बंदरावर जर्मन सेनापती रोमेल दोनदा चालून गेला. पहिल्या खेपेला, एप्रिल ते डिसेंबर १९४१, सुमारे आठ महिने वेढा पडला आणि बंदर टिकलं. दुसऱ्या खेपेला, २० जून १९४२ रोजी पहाटे हल्ला सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिबंदीने शस्त्रं खाली ठेवली. जागा तीच, ठाणी तीच, खंदक तोच, आणि हल्ला करणारा सेनापतीही तोच. शिवाय दुसऱ्या वेळी आत माणसं जास्त होती, कमी नव्हती.

आपल्या मंडळात या विषयावर लिहायचं कारण दुसऱ्या तारखेत आहे. २० जूनला जर्मनांनी जिथून आत मुसंडी मारली, तिथे २/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण उभी होती. जुन्या फौजेतली ‘काळी पाचवी’ ती हीच. १९२२ पासून या रेजिमेंटचं केंद्र बेळगावात आहे. टोब्रुकवरच्या इंग्रजी पुस्तकांत ‘जर्मन मराठ्यांच्या आघाडीतून आत शिरले’ अशा अर्थाचं एखादं वाक्य येतं आणि लेखक पुढे जातो. वाचणाऱ्याच्या मनात राहतं ते एवढंच, की मराठे फुटले आणि टोब्रुक पडलं.

हे वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. माझी सगळी नोकरी बांधकामात गेली. एखादी भिंत कोसळली की ती कोणत्या बाजूने कोसळली एवढं विचारून आम्ही थांबत नाही. शेवटची दुरुस्ती कधी झाली होती, आणि मधल्या काळात तिथले दगड कोणी काढून नेले, हेही विचारतो. टोब्रुकबद्दल मी तेच विचारणार आहे.

बंदराची किंमत

नकाशा पाहिला तर रोमेलची अडचण लगेच कळते. त्याची मुख्य रसद समुद्रमार्गे त्रिपोलीला उतरायची. तिथून इजिप्तची सरहद्द रस्त्याने दीड हजार किलोमीटरहून जास्त. मधलं बेंगाझी हाताशी होतं, पण तेही टोब्रुकच्या पश्चिमेला साडेचारशे किलोमीटरवर. सगळा माल ट्रकांवर, आणि वाटेत ट्रकच इतकं पेट्रोल पिणार की आघाडीवर पोचेपर्यंत हिशेब आतबट्ट्याचा होणार. टोब्रुकपासून सरहद्द मात्र जेमतेम दीडशे किलोमीटर, आणि त्या बाजूला खोल पाण्याचं, वादळापासून आडोसा असलेलं नैसर्गिक बंदर तेवढं एकच. ते मिळाल्याशिवाय इजिप्तवर नीट चालून जाता येत नव्हतं. वळसा घालून पुढे गेलं तर पाठीमागे शत्रूची अख्खी डिव्हिजन राहणार, आणि किनाऱ्याचा एकमेव पक्का रस्ताही तिने अडवलेला. १९४१ च्या उन्हाळ्यात शेवटी टोब्रुकला बगल देणारा वेगळा रस्ता बांधायची पाळी आली.

तटबंदी मूळची इटालियनांची. बंदराभोवती अर्धवर्तुळ, दोन्ही टोकं समुद्राला टेकलेली. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेषेत सुमारे २७ किलोमीटर, म्हणजे बेळगावहून खानापूर जेवढं, आणि परिघावरून मोजलं तर ४८ किलोमीटरच्या आसपास. या परिघावर दीडशेच्या घरात ठाणी होती. ‘ठाणं’ म्हटल्यावर बुरूज डोळ्यांपुढे येतो, पण ही ठाणी जमिनीच्या पातळीला काँक्रीटने बांधलेली, उंचवटा अजिबात नसलेली. पन्नास मीटरवर येईपर्यंत दिसू नयेत अशी. ती दोन रांगांत होती. पुढच्या रांगेतल्या ठाण्यांच्या मधल्या फटीसमोर मागच्या रांगेतलं ठाणं यायचं. पुढच्या ठाण्यांभोवती रणगाडा अडकेल असा चर, त्यावर पातळ फळ्या आणि फळ्यांवर वाळू. त्यापुढे काटेरी तार, सुरुंग आणि परिघालगतचा रणगाडारोधक खंदक. खंदक मात्र सगळीकडे सारखा नव्हता. काही भागांत खोल आणि पक्का, काही भागांत अर्धवट खणून सोडलेला.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे तिचं काम आहे. परिघापासून बंदराकडे जमीन पायऱ्यांनी उतरते. दक्षिणेकडून येणारा एल आदेमचा रस्ता आणि पूर्वेकडून येणारा बार्दियाचा रस्ता जिथे मिळतात, त्या चौकाला इंग्रज ‘किंग्ज क्रॉस’ म्हणत. त्या चौकाच्या पुढे कड्यावर तोफ आणली की खाली बंदर दिसतं. मग बाकीचा परिघ कितीही शाबूत असला तरी त्याचा उपयोग उरत नाही.

१९४१ : रेषा तुटली, बंदर राहिलं

२२ जानेवारी १९४१ रोजी ऑस्ट्रेलियनांनी टोब्रुक इटालियनांकडून घेतलं. फेब्रुवारीत रोमेल त्रिपोलीला उतरला, मार्चअखेर त्याने चढाई सुरू केली आणि ब्रिटिश फौज शेकडो मैल मागे पळाली. या माघारीत हिंदी फौजेचा एक मोठा वाटा आहे. मेचिली इथे तिसऱ्या इंडियन मोटर ब्रिगेडने ८ एप्रिलपर्यंत रोमेलची वाट अडवून धरली आणि त्यात ब्रिगेडचा बराचसा भाग कैद झाला. मिळालेल्या त्या दोन-तीन दिवसांत टोब्रुकची शिबंदी आपापल्या जागी पोचली. त्याच ब्रिगेडमधली १८ वी कॅव्हलरी टोब्रुकच्या आत होती. नावाला घोडदळ, पण आता घोडे नाहीत. हे स्वार ऑगस्टपर्यंत परिघावर पायदळासारखे मोर्चे धरून बसले. टोब्रुकचा वेढा म्हटलं की फक्त ऑस्ट्रेलियन आठवतात, म्हणून हे इथे नोंदवतो.

शिबंदीचा प्रमुख होता लेस्ली मॉर्सहेड, नवव्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनचा सेनापती. पहिल्या महायुद्धाआधी हा माणूस शाळामास्तर होता. शिस्तीला इतका कडक की शिपायांनी त्याला ‘मिंग द मर्सिलेस’ असं चित्रकथेतल्या खलनायकाचं नाव दिलं होतं.

१३-१४ एप्रिलच्या रात्री, ईस्टरच्या सुमाराला, रोमेलने दक्षिणेकडून हल्ला केला. रणगाडे तारा ओलांडून आत आले. ठाण्यांतल्या शिपायांनी ते जाऊ दिले, जागा सोडली नाही, आणि मागून येणारं जर्मन पायदळ व तोफा अडवल्या. पुढे गेलेल्या रणगाड्यांची गाठ थेट पंचवीस-पौंडी तोफांशी पडली. सोबत पायदळ नाही, समोर तोफा, बाजूला सुरुंग. जे वाचले ते आलेल्या वाटेनेच परत फिरले. या झटापटीत कॉर्पोरल जॉन एडमंडसन याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महिनाअखेर रोमेलने नैऋत्येला रास एल मेदावर या टेकडीवर दुसरा घाव घातला. तिथली ठाणी खरंच पडली आणि काही किलोमीटरचा भाग जर्मनांकडे गेला. पण पुढे त्यांना सरकता आलं नाही.

माझ्या मते या दोन लढायांचा अर्थ असा. १९४१ मध्येही टोब्रुकची बाहेरची रेषा तुटली होती, एकदा नाही, दोनदा. तरी बंदर पडलं नाही, कारण रेषेच्या आत दुसरी रेषा होती. मॉर्सहेडने परिघाच्या आत सुमारे तीन किलोमीटरवर ‘निळी रेषा’ उभी केली. दोन्ही रेषांच्या मधे नवे सुरुंग, त्यांवर तोफांची नजर, आणि राखीव फौज हाताशी. दिवसा उन्हात कोणी डोकं वर काढायचं नाही, पण रात्री मात्र गस्ती तारांच्या बाहेर जायच्या. समोरची मोकळी जमीन शत्रूची नाही, आपली आहे, असा त्याचा हुकूमच होता. आणि रोज खणायचं. वाळू रोज भरते, म्हणून रोज काढायची.

पाणी आणि अंधाऱ्या रात्री

आपण किल्ला बघायला गेलो की आधी टाकी बघतो. टोब्रुकचंही तसंच. गोडं पाणी जवळजवळ नाहीच. ओहोळांतल्या विहिरींचं मचूळ पाणी आणि समुद्राचं पाणी उकळून गोडं करणारी इटालियनांची यंत्रं, एवढ्यावर भिस्त. माणशी दिवसाला अर्धा-पाऊण गॅलन मिळायचं, म्हणजे अडीच-तीन लिटर. पिणं, स्वयंपाक, दाढी, धुणं, सगळं त्यातच. पंचवीस-सत्तावीस हजार माणसांना एवढं पाणी रोज पुरवायचं तर पंप, टाक्या आणि टँकर चालू ठेवणारी माणसंही बंदूकवाल्यांइतकीच लागतात.

बाकी सगळं समुद्रातून. विमानांचं छत्र नव्हतं, म्हणून अलेक्झांड्रियाहून आणि मर्सा मत्रूहून विनाशिका दिवसा निघायच्या, मध्यरात्रीच्या सुमाराला अंधारात बंदरात शिरायच्या आणि तास-दोन तासांत माल उतरवून, जखमींना घेऊन निघायच्या. उजाडायच्या आत बॉम्बफेकी विमानांच्या पल्ल्याबाहेर जाणं भाग होतं. चांदण्या रात्री घाताच्या. बंदर बुडालेल्या जहाजांनी भरलेलं. इटालियनांनी स्वतः बुडवलेली ‘सान जॉर्जो’ ही क्रूझर त्यातलीच. बंदरवाल्यांनी त्या बुडालेल्या सांगाड्यांचाच धक्का केला. जहाज सांगाड्याला लावायचं आणि त्यावरून माल काढायचा. या फेऱ्यांना ‘टोब्रुक फेरी’ म्हणत. या फेऱ्यांच्या पायी आरमाराची दोन डझनांच्या आसपास जहाजं बुडाली. हा आकडाही पुढे कामाला येणार आहे.

ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये बहुतेक ऑस्ट्रेलियन याच मार्गाने बाहेर काढले गेले आणि त्यांच्या जागी पोलिश, झेक आणि ब्रिटिश फौज आली. वेढ्यात तीन हजारांवर ऑस्ट्रेलियन मेले वा जखमी झाले, ९४१ कैद झाले. १८ नोव्हेंबरला ‘क्रूसेडर’ मोहीम सुरू झाली, २१ तारखेला शिबंदी आतून बाहेर पडली, आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वेढा कायमचा उठला.

शिबंदी बाहेर पडली ती आग्नेय बाजूने, एद दुदाच्या दिशेने. बाहेर पडायचं म्हणजे आपल्याच तारा कापायच्या, आपलेच सुरुंग काढायचे, आपल्याच खंदकावर रणगाड्यांसाठी वाट करायची. ते त्या वेळी बरोबरच होतं. प्रश्न आहे तो नंतरचा.

फेब्रुवारी १९४२ चा निर्णय

जानेवारी १९४२ मध्ये रोमेल पुन्हा पुढे सरकला आणि ब्रिटिश फौज टोब्रुकच्या पश्चिमेला गझाला इथे थांबली. ४ फेब्रुवारीला कैरोत तिन्ही दलांच्या सेनापतींनी ठरवलं, की पुन्हा माघार घ्यावी लागली तर टोब्रुकमध्ये वेढा घालून घ्यायचा नाही. यात आरमाराचा मोठा वाटा होता. बुडालेल्या जहाजांचा हिशेब त्यांच्याकडे होता आणि तसा दुसरा हिशेब त्यांना परवडणारा नव्हता.

निर्णय समजण्यासारखा आहे. पण एकदा एखादं बांधकाम ‘वापरातून काढायचं’ ठरलं की त्याची देखभाल थांबते, आणि त्याचं सामान दुसरीकडे जातं. तसंच झालं. गझालाच्या रेषेवर लाखो सुरुंग हवे होते, म्हणून टोब्रुकचे उपटून तिकडे नेले. खंदक वाऱ्याने आलेल्या वाळूने भरत गेला. काही ठिकाणी गाड्यांच्या सोयीसाठी तो आधीच बुजवलेला होता. आतली निळी रेषा नावाला उरली. बंदराचा मात्र मोठा डेपो झाला. पेट्रोल, अन्न, दारूगोळा, सगळं पुढच्या चढाईसाठी इथे साठवलेलं. कोठार भरलेलं आणि कुंपण मोडलेलं.

२६ मे रोजी गझालाची लढाई सुरू झाली. जूनच्या मध्यापर्यंत ती हातची गेली. तेव्हा लंडनहून चर्चिलचा निरोप आला, की टोब्रुक सोडण्याचा प्रश्नच येऊ नये. जे राखायचं नाही असं चार महिन्यांपूर्वी ठरलं, ते आता राखायचं ठरलं. ते राखण्याची जबाबदारी दक्षिण आफ्रिकेच्या मेजर जनरल क्लॉपर यांच्यावर आली. डिव्हिजनची सूत्रं हाती येऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता, आणि संबंध टोब्रुकची सूत्रं हल्ल्याच्या पाच दिवस आधी मिळाली.

२० जून

पश्चिम आणि नैऋत्य बाजूला दक्षिण आफ्रिकेची फौज. पूर्व आणि आग्नेय बाजूला ११ वी इंडियन ब्रिगेड. उजवीकडे एल आदेम रस्त्यालगत स्कॉटलंडचे कॅमेरन हायलँडर्स, डावीकडे समुद्रापर्यंत २/७ गुरखा, आणि मधे २/५ मराठा. ही पलटण नवखी नव्हती. जून १९४१ मध्ये हलफाया घाटात आणि डिसेंबरमध्ये बिर एल गुबीला ती लढून आली होती.

रोमेलने आग्नेय बाजूच का निवडली? कारण आराखडा तयार होता. नोव्हेंबर १९४१ मध्येच त्याला इथून हल्ला करायचा होता, ‘क्रूसेडर’ने तो बेत मोडला. त्या वेळी त्याने साठवलेला तोफगोळ्यांचा साठाही त्याला जून १९४२ मध्ये जिथल्या तिथे मिळाला. त्याने आधी आपली फौज पूर्वेकडे बार्दियाच्या दिशेने जाते आहे असं दाखवलं आणि १९ च्या रात्री ती परत वळवली. गांबुतचे विमानतळ नुकतेच गेले होते, त्यामुळे ब्रिटिश लढाऊ विमानं टोब्रुकवर येऊ शकत नव्हती. जर्मन विमानं मात्र शेजारीच उतरत होती.

पहाटे सव्वापाच-साडेपाचला बॉम्बफेक सुरू झाली, आणि तीही परिघाच्या एका लहानशा तुकड्यावर. नेमक्या मराठ्यांच्या ठाण्यांवर. लाटेमागून लाट. विमानं गोळे टाकून परतायची, भरून पुन्हा यायची. बॉम्बच्या हादऱ्याने उरलेसुरले सुरुंगही फुटत होते. त्या धुरळ्यात जर्मन पायदळ आणि सफरमैना खंदकापर्यंत आले, तारा उडवल्या, खंदकावर वाट केली. मराठ्यांची मधली कंपनी सापडली. पलटणीने राखीव माणसांनी उलटा हल्ला करून पाहिला, तो अपुरा पडला. पावणेआठच्या सुमाराला भगदाड रुंद झालं होतं आणि साडेआठनंतर रणगाडे त्यातून ओतत होते.

आता १९४१ शी तुलना करावी. ईस्टरलाही रणगाडे आत आले होते. त्या वेळी पुढे सुरुंग, तोफा आणि तयार राखीव फौज होती. या वेळी आतली रेषा रिकामी. ब्रिटिश रणगाडे उलट हल्ल्यासाठी निघाले ते उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी. दुपारी दीड-दोनला जर्मन किंग्ज क्रॉसला पोचले. तिथून बंदर दिसतं, हे वर सांगितलंच आहे. दुपारनंतर क्लॉपर यांच्या मुख्यालयावरच गोळे पडू लागले, ते हलवावं लागलं, टेलिफोन आणि बिनतारी यंत्रं गेली. संध्याकाळी जर्मन बंदराच्या काठावर होते. २१ जूनच्या सकाळी शरणागती. पश्चिमेकडच्या बऱ्याचशा फौजेवर तोवर हल्लाच झालेला नव्हता. शरणागतीचा हुकूम निघाल्यावरही गुरखे २१ तारखेला लढत राहिले, आणि कॅमेरन २२ तारखेपर्यंत.

सुमारे ३३,००० माणसं कैद झाली. त्यांत हिंदी साधारण २,५००, म्हणजे दर तेरा कैद्यांमागे एक. ‘मराठ्यांच्या आघाडीतून’ हे वाक्य वाचताना हे प्रमाणही समोर ठेवायला हवं.

हिशेब

मराठ्यांच्या जागी दुसरी कुठलीही पलटण असती तर टोब्रुक वाचलं असतं का? मला तसं वाटत नाही. सगळ्या विमानांचा मारा एका पलटणीवर, समोर दोन पँझर डिव्हिजन, पायाखाली सुरुंग काढलेली जमीन, पुढ्यात बुजलेला खंदक आणि पाठीमागे कोणी नाही. रेषा तुटायला तीन तास लागले. ती तुटल्यावर पुढचे चोवीस तास जे झालं, ते मराठ्यांच्या हातात नव्हतं. आग्नेय बाजूचा दरवाजा नोव्हेंबरमध्ये आतूनच उघडला होता, आणि फेब्रुवारीनंतर तो नीट बंद करायचं काम कोणाकडेच नव्हतं.

बातमी चर्चिलला वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्टसमोर कळली. जुलैच्या सुरुवातीला त्याच्यावर पार्लमेंटमध्ये अविश्वासाचा ठराव आला, तो ४७५ विरुद्ध २५ मतांनी फेटाळला गेला. रोमेल फील्ड मार्शल झाला. १३ नोव्हेंबर १९४२ रोजी, एल अलामेननंतर, टोब्रुक ब्रिटिशांकडे परत आलं. या सगळ्यांवर पुस्तकं आहेत. वाळूत राहिलेल्या सुरुंगांनी युद्धानंतरही लिबियातल्या मेंढपाळांचे जीव घेतले, त्याबद्दल फार कमी लिहिलेलं आहे.

आणि २/५ मराठा? जवळजवळ सगळी पलटण कैदेत गेली. उत्तर आफ्रिकेत पकडलेले हिंदी शिपाई इटलीच्या छावण्यांत नेले गेले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटली शरण आल्यावर काही जण निसटले, काही स्वित्झर्लंडला पोचले, पुष्कळांना जर्मनांनी उत्तरेकडे हलवलं. सुभाषबाबूंच्या जर्मनीतल्या फौजेसाठी माणसं मिळवली गेली, तीही मुख्यतः अशाच कैद्यांतून. जे मेले, त्यांतल्या अंत्यसंस्कार झालेल्यांची नावं एल अलामेनच्या दफनभूमीतल्या दहन-स्मारकावर आहेत. इजिप्त आणि लिबियात दहन झालेल्या सहाशेहून अधिक जणांचं ते स्मारक आहे.

यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस आपल्याकडे आदराने सांगितले जातात, आणि ते योग्यच आहे. तेही याच रेजिमेंटचे. पण तीन वर्षं कैदेत काढून १९४५ मध्ये घरी आलेला शिपाई सांगायला बसला की लोक विचारणार, ‘मग हरलात का?’ तेव्हा बरेच जण बोललेच नसावेत.

म्हणून सभासदांना एक विनंती. बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचं डिस्चार्ज बुक, छावणीतून आलेलं छापील कार्ड किंवा ‘बेपत्ता’ असं कळवणारं पत्र असेल, त्यांनी ते पुढच्या बैठकीला आणावं. मूळ कागद लगेच परत मिळेल, फक्त छायाचित्र घेऊन ठेवू. २० जूनला त्या ठाण्यांत कोण होतं, याची गाववार यादी अजूनही बऱ्याच अंशी जमवता येईल.